दोन वाहकांची सोयरीक

श्रीपती आप्पा नसते तर मी आज जत तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाच्या तरी डाळिंबाच्या बागेत फवारणी करत असतो, आणि हे प्रवासवर्णन लिहायला दुसरं कुणीतरी शोधावं लागलं असतं. आप्पा आमच्या नात्यातले नव्हेत. ते एसटीत वाहक होते. मी सांगलीला कॉलेजात गेलो तेव्हा राहायची सोय झाली, जेवणाची झाली नाही. मग आई पहाटे भाकऱ्या थापायची, डबा फडक्यात बांधायची आणि पहिल्या गाडीला जाऊन उभी राहायची. आप्पा तो डबा आपल्या सीटखाली ठेवायचे आणि सांगलीच्या स्टँडवर माझ्या हातात द्यायचे. माझ्यासारख्या बऱ्याच पोरांचे डबे तिथे असत, सगळे स्टीलचे, सगळे सारखे दिसणारे. एकदा मी त्यांना विचारलं, वासावरून कळत असेल ना कुणाच्या डब्यात काय आहे? ते म्हणाले, "डब्यात काय हाय ते मला ठावं न्हाई. कुणाचा हाय तेवढं ठावं."

एकदा गडबडीत आईने घासून ठेवलेला रिकामाच डबा बांधून दिला होता. स्टँडवर मी तो उघडला आणि तसाच उभा राहिलो. आप्पांनी स्वतःच्या डब्यातली एक भाकरी माझ्या डब्यात ठेवली, घंटीची दोरी ओढली आणि गाडी निघून गेली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर अशा भाकरीवर झाला आहे.

आता मी पुण्यात एका संस्थेत काम करतो. आईवडिलांकडून मुलांकडे येणारे आजार, त्यांच्या तपासण्या आणि त्यांचे रिपोर्ट हा आमचा विषय. या तपासण्या आता तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत. पण रिपोर्ट आल्यावर तो समोरच्या माणसाला सांगायचा कसा, हे डॉक्टर आणि नर्स मंडळींना फारसं कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवायला गेल्या फेब्रुवारीत मी वऱ्हाडात गेलो. तिथे जे घडलं ते संबंधितांच्या परवानगीने आणि नावं बदलून सांगतो आहे.

अमरावती

रेल्वेत काय झालं ते मला माहीत नाही, मी झोपलो होतो. स्टेशनवर डॉ. वानखडे घ्यायला आले होते. हे आमच्या प्रशिक्षणाचे यजमान. उंच, आडवे, आणि समोरच्याच्या पोटाची काळजी करणारे. त्यांनी मला थेट नाश्त्याला नेलं. गरम वडे आले. मी पोऱ्याला म्हणालो, सोबत थोडं सांबार मिळेल का? तो म्हणाला, "किती पायजे तितकं घ्या ना भाऊ," आणि ताटलीभर चिरलेली कोथिंबीर आणून ठेवली.

मी कोथिंबिरीकडे पाहिलं, कोथिंबिरीने माझ्याकडे पाहिलं. डॉ. वानखड्यांना इतकं हसू आलं की त्यांच्या बशीतला चहा सांडला. वऱ्हाडात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, आणि आपण ज्याला सांबार म्हणतो तेही सांबारच. कुठलं हवं ते दुकान पाहून ओळखायचं. मी गुमान कोथिंबीर लावून वडा खाल्ला. चांगला लागला. एका शब्दाच्या पोटात दोन वस्तू असू शकतात, हा धडा मला सकाळीच मिळाला होता. मी तो घेतला नाही, एवढंच.

प्रशिक्षणाला सभागृह भरलेलं होतं. बहुतेक नर्स, मागच्या रांगेत काही तरुण डॉक्टर. मी पुण्याहून स्लाइड्स करून नेल्या होत्या. त्यांत गुणसूत्रं होती, बाण होते, रंगीत पट्ट्या होत्या, आणि माझ्या आवाजात शिकलेल्या माणसाचा एक खास जडपणा आला होता. आमच्यासारख्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेल्या माणसांना ही एक खोड लागते. इंग्रजी शब्द आला की आम्ही छाती काढतो. तासाभराने पहिल्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. तिवस्याजवळच्या आरोग्य केंद्रातल्या ढोले सिस्टर. निवृत्तीला आलेल्या, आवाज असा की माइक लाजावा.

"सर, तुमचं इंग्रजी सरलं का? मंग आता आमाले सांगा."

आमच्या पुण्यात असं कुणी म्हणालं असतं तर त्याचा अर्थ भांडण असा झाला असता. इथे तो खरोखर प्रश्न होता. मी विचारलं, काय सांगू? त्या म्हणाल्या, पेशंटला काय सांगायचं ते.

मग मी लॅपटॉप मिटला आणि सिकलसेलवर आलो, कारण या भागात नर्सला रोज भेटणारा आजार तो. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अंग ठणकतं, रक्त कमी होतं. पण काही माणसं स्वतः आजारी नसतात, फक्त पुढे देऊ शकतात. त्यांना आपण वाहक म्हणतो. मी विचारलं, वाहक म्हणजे काय, सांगा पाहू?

"मच्छर," एक जण म्हणाली. मलेरियाच्या प्रशिक्षणात तिने तेच पाठ केलं होतं.

"कंडक्टर," दुसरी म्हणाली, आणि सगळा हॉल हसला.

तिसरं उत्तर आलंच नाही. म्हणजे एखाद्या घरात जाऊन नर्स म्हणते, तुमची मुलगी वाहक आहे, तेव्हा त्या घरातल्यांना एक तर मुलगी डासासारखी रोग पसरवते असं वाटतं, नाही तर तिला नोकरी लागली असं वाटतं. मला मोठं हसू आलं. त्या हसण्याची किंमत अजून समजायची होती.

चहाच्या वेळी एक तरुण नर्स माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिला आपण प्रतीक्षा म्हणू. ती ढोले सिस्टरांच्या हाताखालीच काम करते. झटपट तपासणीचं नवीन किट आलं तेव्हा तिने आधी स्वतःचीच तपासणी केली होती, आणि नंतर प्रयोगशाळेतल्या मोठ्या तपासणीतही ती सिकलसेलची वाहक निघाली होती. तिने विचारलं, "सर, दोघंही वाहक असले तर लग्न करू नये ना?"

मी पुस्तकात असतं ते सांगितलं. लग्नाला बंदी नाही. प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी होण्याची शक्यता चारात एक. आधी कळलं तर पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, निर्णय त्या दोघांचा. तिने ते सगळं मान हलवत ऐकलं. मग म्हणाली की तिचं जमलं आहे, साखरपुडा झाला आहे, मुलगा अकोल्याला महामंडळात नोकरीला आहे. पण त्याच्याकडेही तेच निघालं. तेव्हापासून तिने त्याचा फोन उचललेला नाही. "त्यांनी मोडण्यापेक्षा मीच मोडलेलं बरं," ती म्हणाली आणि माझा रिकामा कप घेऊन गेली.

मुलगा चांगला आहे का, एवढंही मी विचारलं नाही. ते काही पुस्तकात नव्हतं.

तिवसा

दुसऱ्या दिवशीचा वर्ग तिवस्याला होता. नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा, तुरीच्या काढलेल्या रानांत पडलेली तुराटी, आणि माती इतकी काळी की आमच्या जतच्या मुरमाड जमिनीची मला दया आली. दुपारी एका शेतावर रोडग्यांचं जेवण होतं. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राख झटकतात, फोडतात आणि वर तूप ओततात. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे भाकरी दोन हातांत थापतात. इथे जेवण आगीत टाकून माणसं निवांत गप्पा मारत बसतात. भाजीने माझ्या कानांतून धूर काढला. ढोले सिस्टर म्हणाल्या की पाहुण्यासाठी मुद्दाम कमी तिखट केली आहे.

पण मला सांगायचं आहे ते सकाळचं. रात्रभर मला आप्पांची सीट आठवत होती. वर्गात शिरल्या शिरल्या मी सगळ्यांना जेवणाचे डबे टेबलावर आणायला सांगितलं. एकीने विचारलं, सर, आत्ताच भूक लागली का?

मी एका नर्सला आई केलं, एका तरुण डॉक्टरला बाप. प्रत्येकाच्या हातात दोन-दोन डबे दिले, एक भरलेला आणि एक रिकामा. बाहेरून सारखेच. म्हणालो, हे दोघे वाहक. एक डबा रिकामा आहे, पण दुसरा भरलेला आहे, त्यामुळे दोघे पोटभर जेवतात, ठणठणीत आहेत. मूल झालं की आई दोनांतला एक डबा देते, बाप एक देतो. कुठला, ते त्यांच्या हातात नाही. एकाकडून जरी भरलेला आला तरी मूल जेवतं. दोन्हीकडून रिकामेच आले, तरच ते उपाशी. तो आजार. उदाहरण तंतोतंत नाही, हे मागच्या रांगेतल्या डॉक्टरांनी मला लगेच दाखवून दिलं, आणि ते खरं आहे. पण डबे हातोहात फिरू लागले, आई-बाप बदलू लागले, आणि हॉलमध्ये जत्रा भरली.

एकीने विचारलं, पहिलं लेकरू आजारी झालं तर पुढची तिघं सुटली का? मी म्हणालो, नाही. माझ्या गावचे आप्पा वाहक होते, ते कालचा डबा आठवून आजचा देत नसत. दर खेपेला डाव नवा.

तेव्हा ढोले सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांना एक केस मांडायची होती. प्रतीक्षाचीच, तिला विचारून. आपल्या पोरीसारख्या पोरीचं चांगलं व्हावं म्हणून त्यांनी प्रशिक्षणाच्या आधीच मुलाच्या आईला, अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीला, फोन केला होता आणि तिथलं उत्तर प्रतीक्षाला सांगितलं होतं.

"म्या सरळ इचारलं, ताई, पोरगा वाहक हाय का? त्या म्हने, हो, वाहकच हाय. म्हनलं, पक्कं? त्या म्हने, पक्कं म्हनजे काय बाई, परमनंट झाला दिवाळीले. मंग म्या सांगतलं, पोरगी पन वाहक हाय, दोघंही वाहक असले तं लेकरं बिमार होतात, इचार करा."

"परमनंट?" मी विचारलं.

"तुमीच सांगतलं ना सर काल, हे जन्मभर राह्यते म्हनून. मंग परमनंटच झालं ना ते?"

"जन्मभर राहतं सिस्टर, पण जन्मापासून असतं. दिवाळीला कसं होईल?"

प्रतीक्षा हातात रिकामा डबा घेऊन उभी होती, त्या घटकेला ती कुणाची तरी आई होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. मग ती म्हणाली, "सर, ते एसटीत आहेत. कंडक्टर."

पुढची काही मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, डॉ. वानखडे भिंतीला धरून उभे होते, आणि ढोले सिस्टर खाली बसून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होत्या. "बाप्पा, म्या पोरीचं लग्न मोडलं व माय, कंडक्टर म्हनून मोडलं." प्रतीक्षा हसत होती आणि डोळे पुसत होती.

रंगाचा बेरंग मलाच करावा लागला. तो एसटीत वाहक आहे म्हणून रक्तात नाही, असं ठरत नाही. त्याची तपासणी कुणीही केलेली नाही. इतके दिवस जसं माहीत नव्हतं तसं आजही माहीत नाही. आणि दुसरं, कुणाचाही रिपोर्ट फोनवर तिसऱ्याला सांगायचा नसतो, कितीही माया असली तरी. ढोले सिस्टरांनी ते मान खाली घालून ऐकलं आणि मान वर करून म्हणाल्या की मोडलं त्यांनी, जोडूनही त्याच देतील. माझा पुढचा मुक्काम अकोल्यालाच आहे, तर त्या सुट्टी टाकून तिथे येतील.

प्रतीक्षाला मी विचारलं, तुझ्या वतीने काय सांगू? ती म्हणाली, जे आहे ते सगळं. लपवू नका.

अकोला

अकोल्यात कापसाच्या गाड्या, धान्याचे ट्रक आणि ऑटो एकमेकांना वाट देत नाहीत, तरी सगळे पोचतात. वर्गात मी आता स्लाइड्स उघडल्याच नाहीत, डब्यांनीच सुरुवात केली. तिथल्या जुन्या सिस्टर नसीम आपा हनुवटीला हात लावून सगळा खेळ पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, डब्बा तो समझ गये. पन उघडल्याबिगर कसं कळन, कोनता खाली हाय?"

मी म्हणालो, आपा, उघडणं म्हणजेच तपासणी. त्या म्हणाल्या, मग पुढच्या वेळी हे आधी सांगा. सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोले सिस्टर स्टँडवर हजर होत्या, नवी साडी, हातात संत्र्यांची पिशवी, चेहरा गुन्हेगाराचा. प्रतीक्षाने सांगितलेल्या बार्शीटाकळीच्या गाडीत आम्ही चढलो, सिस्टरांनी आपलं अर्धं तिकीट मागितलं, आणि तिकीट देणारा मुलगा तोच होता. त्याला अमोल म्हणू. सडपातळ, खाकी कपडे कडक इस्त्रीचे. मला उगीच आप्पा आठवले. त्याच्या सीटखाली मी वाकून पाहिलं. दोन डबे होते.

सिस्टरांना दम नव्हता. गाडी शहराबाहेर पडायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. हळू आवाजात, म्हणजे पुढच्या तीन बाकांनाच ऐकू जाईल इतक्या. मी मध्येच त्यांचा हात दाबत होतो. अमोल तिकिटं फाडता फाडता थांबत होता, परत येत होता, आणि त्याचा चेहरा दर खेपेला वेगळा होता. त्याच्या घरी वेगळंच नाटक झालं होतं. आईला वाटलं होतं की मुलीने नर्सची नोकरी सोडली आणि ती पण एसटीत लागली, तेही आपल्याला न सांगता.

"म्या डेपोत इचारून पाह्यलं," तो म्हणाला, "या नावाची कोनी नवी बाई लागली का म्हनून."

मग तो माझ्या बाजूच्या सीटवर टेकला. मी त्याला खरं ते सांगितलं: प्रतीक्षा सिकलसेलची वाहक आहे, आजारी नाही, होणारही नाही. तू आहेस का ते कुणालाच माहीत नाही. तो म्हणाला, "मले कोनी इचारलंच नाई." मग त्याने विचारलं, "मी निघालो तं?"

"तर मूल होण्याआधी दोघांनी डॉक्टरांकडे जायचं. पोटात असतानाच तपासता येतं. ठरवायचं तुम्ही."

"म्हनजे मोडाचं कारन नाई."

"नाही."

"मंग तिले सांगा, फोन उचल म्हना," तो म्हणाला आणि उठून घंटी दिली. एका म्हाताऱ्या बाईंचा थांबा आला होता.

बार्शीटाकळी

अमोलच्या आईने आम्हाला पाणी दिलं, चहा दिला, आणि मग ढोले सिस्टरांना आवाजावरून ओळखलं.

"तुमीच का त्या फोनवाल्या?"

सिस्टरांनी संत्री पुढे केली. बाई बोलायच्या थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की दोघं वाहक असले तर लेकरं आजारी होतात, हे त्यांना तेव्हाच पटलं होतं. "नवरा एका गाडीवर, बायको दुसऱ्या गाडीवर. लेकरायकडे कोन पाह्यन? बिमार नाई पडतीन तं काय?"

इतकं पटण्यासारखं कारण मला माझ्या सगळ्या शिक्षणात कुणी दिलं नव्हतं. ढोले सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी घरातले डबे मागितले. चुलीपुढे बसून मी तिसऱ्यांदा तोच खेळ मांडला. या वेळी आईच्या जागी ती खरी आई होती. तिने रिकामा डबा उलटासुलटा करून पाहिला. "म्हनजे पोरीत खोट नाई," ती म्हणाली. मी म्हणालो, नाही. प्रत्येकाच्या सीटखाली कुठला ना कुठला रिकामा डबा असतोच, आपल्याला माहीत नसतो इतकंच. ती म्हणाली, "मंग याचा पाहा."

दुपारच्या सुट्टीत अमोल गावच्या सरकारी दवाखान्यात आला. बोटातून थेंबभर रक्त झटपट तपासणीला, आणि दंडातून नळीभर रक्त मोठ्या तपासणीला, कारण खात्री मोठ्या तपासणीनेच होते. सुई पाहून त्याने तोंड फिरवलं. झटपट तपासणी काय म्हणाली ते मी विचारलं नाही. आम्हीच शिकवतो की अर्धी बातमी घेऊन घरी जायचं नाही. परतताना त्याच्याच गाडीत बसलो. मागे कुठेतरी त्याचा फोन वाजला, आणि गाडी दोन थांबे घंटीशिवाय गेली. लोक ओरडले तेव्हा कुठे त्याला कळलं.

पुणे

आप्पांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही. आयुष्यभर एसटीच्या खिडक्यांचा खडखडाट ऐकून कान गेले. म्हणून त्यांना पत्र लिहावं लागतं. हे गेल्या आठवड्यात लिहिलं:

ती. श्रीपती आप्पांस, बाळूचा साष्टांग नमस्कार.

वऱ्हाडात जाऊन आलो. तिथे सांबार मागितलं की कोथिंबीर देतात, आणि वाहक म्हटलं की काय काय होतं ते भेटीत सांगेन, पत्रात मावणार नाही. तुमची सीट मी तिकडच्या दोन जिल्ह्यांतल्या नर्सबायकांना शिकवून आलो. त्या आता घरोघर जाऊन तुमचं उदाहरण देतात. तुमचं नाव कुणाला ठाऊक नाही, "सांगलीकडचे एक आप्पा" असं म्हणतात.

तिथे अमोल नावाचा मुलगा आहे, तुमच्याच कामाचा. त्याचं प्रतीक्षा नावाच्या नर्सशी लग्न आहे. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आतच त्याने तारीख धरली. त्याच्या आईने तुम्हाला बोलावलं आहे, आणि तो म्हणाला, आप्पांना सांगा, कंडक्टरशेजारची सीट धरून ठेवतो. लग्न ढोले सिस्टरांनी जोडलं असं तिकडे सगळे म्हणतात. मोडलं कुणी, ते कुणी विचारत नाही.

तुम्ही कधी कुणाचा डबा उघडून पाहिला नाहीत. आम्हाला अमोलचे पाहावे लागले. काल रिपोर्ट आला. दोन्ही भरलेले निघाले.

तुमचा,
बाळू